ज्याच्या हाताखाली फाटलं

४ मार्च

ठिणगी,

आशीर्वाद नंतर. आधी खाली बस.

वहिनींनी फोनवर ‘बाबा गेले’ एवढंच सांगितलं आणि पुढे त्यांच्याने बोलवेना, असं कळलं. फोन मीही केला असता, पण कातड्याच्या कारखान्यातल्या या फिरत्या ड्रमांनी माझे कान केव्हाच खाल्लेत. तुझं रडणं मला ऐकू आलं नसतं आणि मी भलतंच काहीतरी ओरडत बसलो असतो. म्हणून लिहितोय. तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे, तुला विमानात बसू देत नाहीत, हे मला कळतं. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.

तुझा बाप मेला नाही. त्याला मारलाय. आपल्या ड्रमवाल्याने.

तू ओळखतेस त्याला. लहानपणी तुला फिरत्या ड्रमाची भीती वाटायची, तेव्हा हाच तुला खांद्यावर बसवून आवारातून फिरवायचा. दादा गेला त्या दिवशी ड्रममधून निघालेली कातडी सगळी नासलेली होती. घोड्यावर, म्हणजे त्या आडव्या ओंडक्यावर, त्याने एक कातडं टाकलं, वरून सुरी फिरवली आणि ते भिजल्या कागदासारखं फाटलं. मग दुसरं. मग तिसरं. आपल्याकडचा कायदा तुला ठाऊक आहे, तुझ्या आजोबांनी कारखान्याच्या दारावर रंगवलेला: ज्याच्या हाताखाली फाटलं, त्याचा दोष. दादाने त्याला जाब विचारला. तो उलटून बोलला, आणि बोलता बोलता त्याने दोन्ही हातांनी दादाला ढकललं. दादा पाठीवर त्या घोड्यावर आपटला.

उठला, शिव्या दिल्या, चहा मागवला. अर्धा कप प्याला आणि कंबर धरून खाली बसला तो बसलाच. तोंड राखेसारखं झालं. पोट फुगून दगड झालं. मालाच्या ट्रकमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी ट्रक वळला तेव्हा त्याचा हात माझ्या हातातून सुटला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली, म्हणाले.

पोलिसांनी त्या हरामखोराला धरला आणि जामिनावर सोडलाही. म्हणे अहवाल येऊ दे. तू तर दिवसभर माणसांच्या रक्तवाहिन्याच तपासत असतेस. तू लिहून दे की धक्क्यानेच फुटली. तुझ्या एका कागदावर तो आत जाईल. आणि कोर्टाला जमलं नाही, तर मला जमेल.

तुझा काका


१५ मार्च

काका,

पत्र हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसले होते. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते मी भिंतीवर फेकलं. ग्लाससकट.

त्याच्या खांद्यावर मी बसले होते हे आठवलं. ज्या हातांनी त्याने मला उचललं त्याच हातांनी बाबांना ढकललं. सोडू नका त्याला. मी तिथे असते तर कुबडीनेच त्याचं डोकं फोडलं असतं. तुम्ही मला ठिणगी म्हणता ना, मग विझेपर्यंत मी अशीच बोलणार.

कागद हवा तसा देते. पण मी मुलगी, माझ्या शब्दाला कोर्टात कोण विचारणार? शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी लिहिलंय. फाटलेल्या वाहिनीचा तुकडा त्यांनी काढून ठेवलाच असेल, तो आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवा म्हटलं. आमच्या प्रमुख बाई तो तपासून सही करतील. मग कुणाला तोंड उघडता येणार नाही.

बाई नेहमीचेच दोन प्रश्न विचारतात, तेवढ्यांची उत्तरं पाठवा. बाबांची पाठ किंवा कंबर आधी दुखत होती का? आणि पोटात काही धडधडतंय असं ते कधी म्हणाले होते का?

आईला जेवायला घाला. ती जेवली असं सांगेल, तर ताट बघा.

ठिणगी


२७ मार्च

ठिणगी,

वाघिणीसारखं लिहिलंस. पत्र खिशात घालून गेलो.

सोडला नाही त्याला. पगाराचं बोलायला म्हणून बोलावला, तो भाबडा आला. आवाराचं दार लावलं. आपली दोन माणसं होती, नावं लिहीत नाही. आधी चुन्याच्या हौदाशी पाडला आणि बुटांनी तुडवला. तो काही तरी सांगत होता, हात जोडत होता. मला कुठलं ऐकू येतंय! मला त्याचं फक्त तोंड उघडमीट होताना दिसत होतं. मग पाणी पिळायच्या मशीनशी नेला. ओली कातडी ज्या दोन लोखंडी रोलरांतून जातात, ते रोलर. उजवा हात मी स्वतः धरला, मनगटाशी. बटण मी स्वतः दाबलं. बोटं गेली, पंजा गेला, मनगटाशी थांबवलं. हाडांचा आवाज बहिऱ्याला कसा येईल, पण माझ्या तळव्यातून तो वर आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

पोलीस आले होते. मशीनवर अपघात झाला, असं सगळ्यांनी सांगितलं. तोही बोलला नाही. बोलेल कसा!

तुझ्या बाईंचे प्रश्न. हो, कंबर दुखायची, पण या धंद्यात कुणाची दुखत नाही? महिनाभर जास्तच होती. शेवटच्या आठवड्यात तर पट्टा बांधून फिरायचा आणि विडीवर विडी ओढायचा. पोटाचं म्हणशील तर त्याची मस्करीच होती. रात्री आडवा झाला की म्हणायचा, माझ्या पोटात बेडूक आहे, हात लावून बघ, उड्या मारतोय. वहिनी चिडायच्या. त्याचा इथे काय संबंध? उगाच ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ कागद पाठवा.

वहिनींचं ताट बघितलं. तू म्हणालीस तसंच निघालं.

काका


११ एप्रिल

काका,

तुमचं पत्र आणि बाबांचा तुकडा एकाच दिवशी आले. पत्र आधी वाचायला हवं होतं. मी तुकडा आधी पाहिला.

काका, तुम्ही चुकीच्या माणसाचा हात चिरडलात. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ती फाशी द्या म्हणून मीच लिहिलं होतं.

नीट वाचा, तुमच्याच भाषेत सांगते. पोटातली मोठी वाहिनी म्हणजे जाड पाइप. तिच्या भिंतीत दोन प्रकारचे धागे असतात. एक रबरासारखे, दर ठोक्याला ताणून परत येणारे. दुसरे दोरासारखे, फुटू न देणारे. हे दोरासारखे धागे म्हणजे तेच कोलॅजन, ज्याचं तुमचं कातडं बनतं. भिंतीला कुठे इजा झाली, आत चरबी साचली, धूर लागला, की शरीर दुरुस्तीला पेशी पाठवतं. त्या पेशींजवळ प्रथिनं कापणारी एन्झाइम असतात. थोडं जुनं कापायचं, नवं विणायचं, हे त्यांचं काम. त्यांना आवरणारी दुसरी प्रथिनंही असतात. पण पेशी येतच राहिल्या आणि आवरणारे कमी पडले, की कापणं थांबत नाही. कुंपणच शेत खाऊ लागतं. आधी रबराचे धागे जातात, पाइप फुग्यासारखा फुगतो. तोच बाबांचा बेडूक. मग दोर जायला लागतात.

तुम्ही ड्रममध्ये मऊ करायची पावडर टाकता, तीही प्रथिनं कापणारी एन्झाइमच. अंगठ्याने दाबून बघता, ठसा राहिला की आम्ल घालून काम थांबवता. थांबवायला उशीर झाला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं का?

मी बाबांचा तुकडा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रबराचे धागे काळ्या रेघांसारखे दिसायला हवेत, ओळीने. एकही पूर्ण नव्हता. इकडे तिकडे तुटकी टोकं, आणि मध्ये त्या पेशींची झुंड, अजून जागेवर, कामावर असल्यासारखी. मी तिथे किंचाळले. बापाला खाणारे मला समोर दिसत होते आणि मी कुणाचाही गळा धरू शकत नव्हते. आणखी एक. फाटलेल्या जागेभोवती जुनं रक्त होतं, थरांनी साचलेलं. म्हणजे गळती आठवडाभर आधी सुरू झाली होती. शेवटच्या आठवड्यातला पट्टा आठवा. पाठीवर, स्नायूंत, कण्यावर आपटल्याची खूण नाही, असं डॉक्टरांनी लिहिलंय. धक्क्याचा काडीइतकाही हात नव्हता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ती भिंत खोकल्यानेही गेली असती.

आता खरं सांगा. आधी हात कुणी उचलला?

आणि तुम्ही उद्याच पोटाची सोनोग्राफी करा. हे भावाभावांत चालतं, आणि विडी तुम्हीही ओढता. बेडूक तुमच्याही पोटात आहे का?

ठिणगी


२४ एप्रिल

वा!

शिकलेल्या मुलीचा हाच उपयोग. बाप गेला, आणि ही किड्यामुंग्यांना गुन्हेगार ठरवते. किती शाई वाया घालवलीस! एक धक्का, एक पडणं, एक मरणं. मी तिथे होतो, तू नव्हतीस.

आधी हात कुणी उचलला म्हणून विचारतेस. दादाने. मग? ओलं कातडं गुंडाळून त्याच्या तोंडावर हाणलं, मग सुरीच्या मुठीने कानशिलावर. रक्त आलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा त्याने ढकललं. मालकाचा हक्क आहे तो. ज्याच्या हाताखाली फाटलं, त्याचा दोष. मला तुझ्या आजोबांनी याच कायद्याने शिकवलं, पाठीवर वळ अजून आहेत.

आणि तो साळसूद नाही. त्या दिवशी ड्रम थांबवायची वेळ झाली तेव्हा हा आला होता विचारायला, आम्ल घालू का म्हणून. दादा मिठाच्या पोत्यांवर आडवा पडला होता, कंबर इतकी दुखत होती की त्याला उठून अंगठा दाबून बघणंही होईना. ओरडला त्याच्यावर, मला हात लावू नकोस, चालता हो. आणि दादाच्या हुकुमाशिवाय आम्ल घालायचं नाही, हेही दादानेच बजावलेलं. मग ड्रम फिरत राहिला. पण शहाण्या माणसाने दुसऱ्यांदा विचारायला नको का?

परवा त्याचे भाऊ आले. ऑफिसच्या काचा फोडल्या, टेबल उलथं केलं. एकाने गज घातला माझ्या खांद्यावर, हाड मोडलं नाही एवढंच. मी पाना उचलून त्याचे दात पाडले. लादीवरचं रक्त पाण्याने धुतलं तरी सांधींतून जात नाही. पुन्हा येणार म्हणून सांगून गेलेत. येऊ देत.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तुझ्या बाईंना सांग, धक्क्याने फुटली असं लिहा. दुसरं काही लिहून आलं, तर मला पुतणी नाही असं समजेन. माझ्या पोटात बेडूक नाही, उंदीर नाही. दिवसाला दोन माणसांचं काम करतोय.

काका


५ मे

काका,

बाईंचा अहवाल गेला. जे दिसलं ते लिहिलंय. बाबांच्या सख्ख्या भावाची तपासणी व्हावी, अशी ओळही त्यात मी घालायला लावली, म्हणजे भर कोर्टात ती तुम्हाला ऐकावी लागेल. ऐकू आली नाही तर कुणीतरी ओरडून सांगेलच.

तुमचं पत्र तुम्हीच एकदा परत वाचा. बाबा पोत्यांवर का आडवे होते? गळती सुरू झाली होती म्हणून. ड्रम का थांबला नाही? बाबांना उठवेना म्हणून. ज्याने बाबांना आतून खाल्लं, त्यानेच त्या दिवशीची कातडीही खाल्ली. आणि दोन्ही फाटली त्या एकाच माणसाच्या हाताखाली. तो मार खात होता, काका. डोक्यावर रक्त होतं आणि तिसरा फटका येत होता. मी असते तर मीही ढकललं असतं.

मला बाबांचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे, हे कुणी शिकवत नाही.

पुतणी नाही असं समजायचं तर समजा. मला मात्र काका एकच आहे आणि तो मला हवाय. प्लास्टर निघालंय, तिकीट काढते. मी येईपर्यंत एकदा उताणे झोपा, बेंबीच्या वर हात ठेवा आणि खरं बोला.

ठिणगी


२ जून

ठिणगी,

हे हॉस्पिटलमधून लिहितोय. घाबरू नकोस, अजून कापलेलं नाही.

सुनावणीत अहवाल वाचला. वकिलाने माझ्या कानाशी येऊन ती ओळ ओरडून सांगितली, सगळं कोर्ट हसलं. तो ड्रमवाला समोर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या गुंडाळीत. पंजा कापावा लागला त्याचा. न्यायाधीश म्हणाले, खुनाचा आरोप टिकत नाही. तो हसला नाही, रडलाही नाही. मला वाटलं, इथेच उठून त्याचा गळा दाबावा. जित्याची खोड.

बाहेर आलो तर त्याचे भाऊ गाड्यांच्या रांगेमागे उभे होते. मला ओढून भिंतीशी नेलं. पहिला फटका गुडघ्यावर बसला, मी कोसळलो. दोघांनी हात धरून उभा केला. ज्याचे दात मी पाडले होते त्याने गज दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या पोटाचा नेम धरला. मी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, ये.

तेवढ्यात ड्रमवाला मध्ये आला. एका हाताने त्याने गज धरला आणि काहीतरी ओरडला. ओठ अगदी माझ्या तोंडासमोर होते, म्हणून मला कळलं. तो म्हणाला, “पोटावर नको! ह्याचंही भावासारखंच असेल, तर आत फाटेल आणि परत आपल्याच नावावर येईल.”

भाऊ थांबले. थुंकले आणि गेले. तो तिथेच उभा होता, धापा टाकत. मी त्याला विचारलं, त्या दिवशी मशीनशी तू काय सांगत होतास? त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाला, “सांगत होतो, दादांना आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी तुम्हाला आठवडाभर आधी म्हटलं होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही.”

मी घरी न जाता इथे आलो. बेडूक आहे, ठिणगी. तुझ्या बापाच्या बेडकाहून थोडा लहान. खरं तर थंडीपासून होता, मला माहीत होतं. मी रात्री त्यावर उशी दाबून झोपायचो. उद्या पोट उघडून आत कापडाचा पाइप शिवणार आहेत. डॉक्टरांनी मस्करी केली, शिवणकाम तुमच्याच धंद्यातलं आहे म्हणून. भीती वाटते. दादाचा हात कसा सुटला ते मला अजून तळव्यात जाणवतं, आणि दुसरंही एक जाणवतं, रोलरमधलं. आता ते बरं वाटत नाही.

सकाळी पोलिसाला बोलावून जबानी दिली. अपघात नव्हता, दार मी लावलं, बटण मी दाबलं. त्या दोन माणसांची नावं त्यांनी स्वतः सांगावीत असं म्हटलं. ‘सोडू नका त्याला’ लिहिलेलं तुझं पत्र जाळलं, ते माझ्या खिशात होतं एवढंच. पंजा काही त्या कागदाने चिरडला नाही. जगलो तर इथून तुरुंगात जाईन, तिथे भेटायला ये. कारखान्याचं वहिनी आणि तू बघा. त्या माणसाला काय देणं लागतो ते तूच ठरव, मला त्याचा आकडा लावता येत नाही.

आणि कारखान्याच्या दारावर आजोबांनी रंगवलेली ती ‘ज्याच्या हाताखाली फाटलं’ची ओळ पुसून टाक. दादाच्या बाबतीत ती खोटी होती, कातड्यांच्या बाबतीतही खोटी. साऱ्या जन्मात ती एकदाच खरी ठरली. त्याचा हात माझ्या हाताखाली फाटला, आणि तो आधी कुणीही आतून कुरतडलेला नव्हता. चांगला, धडधाकट हात होता तो. त्याच हाताने तो तुला खांद्यावर चढवायचा.

तुझा काका